घरबसल्या सीएफडी शिकताना: आधी उत्तर माहीत असलेले प्रश्न सोडवा

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेकॅनिकलची पदवी झाली, नोकरी कोल्हापुरात पंप बनवणाऱ्या कारखान्यात, हाताशी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि रोज संध्याकाळी दीड-दोन तास मोकळे. कम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स, म्हणजे सीएफडी (द्रव आणि वायूंचा प्रवाह संगणकावर सोडवून पाहण्याचं शास्त्र), ऑनलाइन शिकायचं आहे. काय पाहावं, कोणत्या क्रमाने पाहावं, आणि भरमसाट फी घेणारा 'नोकरीची हमी'वाला क्लास लावावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आत्ता लावू नका. क्लासचे दोन फायदे खरे आहेत. एक म्हणजे शिस्त लागते, आणि दुसरं म्हणजे अडलं तर विचारायला माणूस असतो. पण बहुतेक क्लास शिकवतात ते कुठला मेनू उघडायचा आणि कुठलं बटण दाबायचं, आणि तेवढं काही आठवड्यांत कुणालाही जमतं. अडचण निराळीच आहे. सीएफडीचं सॉफ्टवेअर सहसा 'मला येत नाही' असं म्हणत नाही. मेश (प्रवाहाच्या जागेचे सेलमध्ये, म्हणजे बारीक कप्प्यांत, पाडलेले तुकडे) भिकार असो, बाउंडरी कंडिशन (कडांवर काय घडतं ते सांगणारी अट) चुकीची असो, शेवटी लाल-पिवळं-निळं देखणं चित्र येतंच. ते चित्र खरं की खोटं हे ज्याला सांगता येतं त्याला सीएफडी येतं, असं मी मानतो. म्हणून ऑनलाइन साहित्य निवडताना माझी कसोटी एकच असते: इथे मला माझं उत्तर ताडून पाहायला काही मिळतं का? खालची सगळी निवड याच कसोटीवर केली आहे.

सुरुवात संगणकापासून दूर करा. अमेरिकेत १९६०च्या दशकात एमआयटीच्या अ‍ॅशर शपिरो यांच्या पुढाकाराने द्रवगतिशास्त्रावर शैक्षणिक फिल्म्सची एक मालिका तयार झाली. त्या एमआयटीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. चित्रीकरण जुनाट वाटेल, पण आशयाला तोड नाही. एका फिल्ममध्ये स्वतः ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर दोन नळकांड्यांमधल्या दाट द्रवात रंगाचा ठिपका सोडतात, नळकांडं फिरवून तो पार विस्कटून टाकतात, मग तेवढेच फेरे उलटे फिरवतात आणि ठिपका जवळजवळ जसाच्या तसा परत येतो. कमी रेनॉल्ड्स नंबरचा (वेगाच्या जोरापेक्षा चिकटपणाचा प्रभाव जास्त असलेला) प्रवाह म्हणजे काय हे त्यानंतर पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. बाउंडरी लेयर (भिंतीलगतचा मंद थर) आणि टर्ब्युलन्स (खळबळता प्रवाह) या विषयांवरच्या फिल्म्सही पाहा. प्रवाह भिंतीपासून कधी सुटतो, हे डोळ्यांत बसलं नसेल तर पुढे इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) पात्यावर सॉफ्टवेअरने दाखवलेलं सेपरेशन खरं आहे का, हे कशावरून ठरवणार?

मग एनपीटीईएल, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम. आयआयटींच्या सीएफडीवरच्या व्याख्यानमाला तिथे आणि यूट्यूबवर फुकट आहेत. परीक्षा आणि प्रमाणपत्र हवं असेल तरच पैसे पडतात. सगळ्या पाहायची गरज नाही, दोन पुरेत. आयआयटी खरगपूरचे सुमन चक्रवर्ती फायनाइट व्हॉल्यूम पद्धत (प्रत्येक कप्प्यात किती आलं-गेलं याचा हिशोब मांडण्याची पद्धत) फळ्यावर पायरी-पायरीने उलगडतात आणि प्रत्येक पदामागचं भौतिकशास्त्र सोडत नाहीत. आयआयटी मद्रासचे एम. रामकृष्ण यांचा मार्ग वेगळा आहे. संगणकात संख्या कशी साठवली जाते, फलन कसं मांडलं जातं, इथपासून ते सुरुवात करतात. त्यांचं पुस्तकही पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतं. गणित आवडत असेल तर रामकृष्ण आधी घ्या, नाहीतर चक्रवर्ती. दोन्हींत पथ्य एकच: वही-पेन घेऊन बसायचं आणि व्हिडिओ थांबवून पुढची ओळ स्वतः लिहून पाहायची. जेवताना दीडपट वेगाने ऐकलेल्या व्याख्यानाचा इथे काडीचा उपयोग नाही.

व्याख्यानांत 'सिम्पल' अल्गोरिदम आलं की तिथे जरा रेंगाळा. हे काम आपल्या पुण्याच्या सुहास पाटणकरांचं आहे. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग आयआयटी मुंबई, मग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे पीएचडी असा त्यांचा प्रवास. दोघांचा या पद्धतीवरचा शोधनिबंध १९७२ साली आला आणि पाटणकरांचं पाठ्यपुस्तक १९८० साली. ते पुस्तक आजही पहिलं म्हणून वाचावं इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे. पेच असा होता: पाण्यासारख्या न दबणाऱ्या द्रवात वेगासाठी समीकरणं आहेत, पण दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. मग दाबाचा अंदाज धरायचा, त्यावरून वेग काढायचा. तो वेग वस्तुमानाचा हिशोब पाळत नाही असं दिसलं की चूक किती आहे त्यावरून दाब दुरुस्त करायचा, आणि हे चक्र चालू ठेवायचं. दुरुस्ती एकदम पूर्ण लावली तर गणित उधळतं, म्हणून ती अंशतः लावतात. अनेक सॉफ्टवेअरमध्ये दाबासाठी ०.३ आणि वेगासाठी ०.७ असे आकडे आधीच भरलेले दिसतात ते यासाठी. क्लासमध्ये 'कन्व्हर्ज होत नसेल (उत्तर स्थिरावत नसेल) तर हे कमी करा' एवढंच सांगतात. कमी का करायचं, हे तुम्हाला या एका परिच्छेदात कळलं.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि बरेच जण नेमका तोच गाळतात: स्वतः छोटा कोड लिहिणं. लोरेना बार्बा यांची 'नाव्हिए-स्टोक्सकडे १२ पायऱ्या' ही पायथन नोटबुकांची मालिका (नाव्हिए-स्टोक्स म्हणजे प्रवाहाची मूळ समीकरणं) यासाठी अजूनही सर्वोत्तम आहे. बोस्टन विद्यापीठात शिकवताना ती तयार झाली आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. पहिली पायरी म्हणजे एक चौकोनी लाट उजवीकडे सरकवणं. लांबी २, वेग १, टाइम स्टेप ०.०२५, बिंदू ४१. लाट सरकते, पण तिचे कोपरे झिजून गोल होतात. समीकरणात झीज नाही, मग ही आली कुठून? ती ग्रिडने, म्हणजे बिंदूंच्या जाळ्याने, आणली. आता बिंदू ८१ करा. लाट कोपऱ्यांसकट तशीच सरकते. बिंदू ८५ केलेत की सगळं फुटतं. ८१ बिंदूंना कुरांट नंबर (एका टाइम स्टेपमध्ये लाट ग्रिडची किती अंतरं कापते तो आकडा) बरोबर १ होतो, ८५ला तो १ ओलांडतो. कुरांट, फ्रिडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ साली, म्हणजे संगणक येण्याआधी मांडलेली अट तुमच्या लॅपटॉपवर पंधरा मिनिटांत हाताला लागते.

११व्या पायरीला चौकोनी पोकळी येते, जिचं झाकण सरकतं आणि आतलं पाणी फिरतं. बहुतेक जण इथे बाणांचं सुंदर चित्र पाहून पुढे जातात. तुम्ही थांबा. या प्रश्नाची उत्तरं घिया, घिया आणि शिन यांनी १९८२ साली तक्त्यात छापून ठेवली आहेत आणि जगभर सीएफडीवाले अजून त्यांच्याशी ताडून पाहतात. रेनॉल्ड्स नंबर १०० असताना मधल्या उभ्या रेषेवर आडव्या वेगाची सर्वांत ऋण किंमत सुमारे −०.२११ येते, तळापासून ४५ टक्के उंचीवर. बार्बांच्या नोटबुकमध्ये पोकळीची बाजू २, झाकणाचा वेग १ आणि व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) ०.१ आहे, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर फक्त २०. तो १०० करायला व्हिस्कॉसिटी ०.०२ करा. पण तेवढ्याने भागत नाही. मूळ रन फार थोडा वेळ चालतो, प्रवाह स्थिर होण्याआधीच थांबतो. स्टेप्स कित्येक पट वाढवा आणि मधल्या रेषेवरचा वेग बदलायचा थांबला की मगच तक्ता उघडा.

उत्तर तंतोतंत जुळणार नाही, आणि खरं शिक्षण तिथेच आहे. कोड वेगाच्या पदासाठी पहिल्या दर्जाचा फरक, म्हणजे शेजारच्या दोनच बिंदूंची साधी वजाबाकी, घेतो. त्यातून येणारी खोटी व्हिस्कॉसिटी साधारण वेग गुणिले ग्रिडचं अंतर भागिले २ इतकी असते. झाकणाजवळ वेग १, अंतर ०.०५, म्हणजे खोटी व्हिस्कॉसिटी ०.०२५. खरी आपण किती दिली? ०.०२. म्हणजे तिथे, निदान आडव्या दिशेत, आपण दिलेल्या पाण्यापेक्षा ग्रिडच जास्त चिकट आहे! आणखी एक गोष्ट कोड नीट वाचलात तर सापडेल: तो फरक नेहमी डावीकडून आणि खालून घेतो, प्रवाह उलटा वाहत असला तरी. शिकवण्यासाठी ही सोपी मांडणी ठीक आहे, पण पोकळीत निम्मं पाणी परतीच्या वाटेवर असतं. प्रवाहाची दिशा पाहून फरक घेणारा बदल करा, मग सेंट्रल डिफरन्स (दोन्ही बाजूंच्या बिंदूंवरून घेतलेला फरक) लावून पाहा, आणि तिन्ही उत्तरं एकाच आलेखावर घियांच्या बिंदूंसोबत काढा. हा एक आलेख ज्याने स्वतः काढला त्याला मी मुलाखतीत बाकी फारसं काही विचारत नाही. पुढे महागड्या सॉफ्टवेअरमध्ये 'फर्स्ट ऑर्डर अपविंड' (प्रवाह येतो त्या बाजूने घेतलेला पहिल्या दर्जाचा फरक) हा पर्याय दिसला की तुमचा हात आपोआप थबकेल.

आता ओपनफोम हे सीएफडीचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, सोर्स कोड उघडा आहे, २००४पासून सर्वांसाठी खुलं आहे आणि उद्योगात खरोखर वापरलं जातं. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) घालून ते चालवता येतं. मराठी वाचकांना सांगायलाच हवं असं एक ठिकाण म्हणजे आयआयटी मुंबईचे फॉसी आणि स्पोकन ट्यूटोरियल हे प्रकल्प. तिथे ओपनफोमचे छोटे छोटे धडे आहेत आणि स्पोकन ट्यूटोरियलचं बरंच साहित्य मराठीसह भारतीय भाषांत ऐकायला मिळतं. लिनक्सची काळी खिडकी पाहून बिचकणाऱ्याने आधी तिथले लिनक्सचे धडे ऐकावेत. त्यापुढे योझेफ नाज यांचे यूट्यूबवरचे धडे आणि ओपनफोमच्या विकीवरची 'तीन आठवडे' मालिका घ्या. इटलीच्या वुल्फ डायनॅमिक्सच्या प्रशिक्षणाच्या स्लाइड्सही फुकट मिळतात. मेशची गुणवत्ता आणि डिस्क्रिटायझेशनच्या स्कीम्स (समीकरणं ग्रिडवर उतरवण्याच्या रीती) यांवर इतकं व्यवहारी लिखाण मी फुकटात दुसरीकडे पाहिलेलं नाही.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. ओपनफोम नावाच्या दोन शाखा आहेत: फाउंडेशनची, जिच्या आवृत्त्या ११, १२ अशा आकड्यांनी ओळखल्या जातात, आणि ईएसआय कंपनीची, जिच्या आवृत्त्यांना व्ही२३१२ अशी वर्ष-महिन्याची नावं असतात. फाउंडेशनने ११व्या आवृत्तीपासून सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) चालवण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे जुन्या व्हिडिओतली कमांड तिथे चालतेच असं नाही. धडा कोणत्या आवृत्तीवर आहे ते आधी बघा आणि शिकेपर्यंत तीच आवृत्ती धरून ठेवा. चॅटबॉटला विचारून फाइल लिहून घेणाऱ्यांनी तर विशेष जपावं. दोन्ही शाखांची सरमिसळ करून तो इतक्या आत्मविश्वासाने फाइल देतो की चूक शोधण्यात संध्याकाळ जाते.

८ जीबी रॅमची काळजी करू नका. ढोबळ हिशोबाने दहा लाख सेलना एक ते दोन जीबी लागतात, आणि शिकण्याच्या केसेस बहुतेक द्विमितीय, काही हजार सेलच्या असतात. क्रम असा ठेवा. सरळ पाइपमधला लॅमिनार (थराथराने शांत वाहणारा) प्रवाह: मधला वेग सरासरीच्या बरोबर दुप्पट आला पाहिजे आणि फ्रिक्शन फॅक्टर (घर्षणाने दाब किती घटतो ते सांगणारा आकडा) ६४ भागिले रेनॉल्ड्स नंबर. मग पुन्हा तीच पोकळी, यावेळी ओपनफोममध्ये. मग सिलिंडरवरून वाहणारा प्रवाह: रेनॉल्ड्स नंबर १०० ला मागे भोवऱ्यांची रांग सुटते आणि स्ट्रूहाल नंबर (भोवरे किती वेळा सुटतात ते सांगणारा आकडा) ०.१६५च्या आसपास यायला हवा. तो ०.१२ आला तर मेश, टाइम स्टेप किंवा स्कीम यांत कुठेतरी गडबड आहे. सिलिंडरच्या बाजूच्या सीमा फार जवळ ठेवल्या तरीही आकडा सरकतो, तेही करून बघा.

इथवर टर्ब्युलन्सची एकही केस दिलेली नाही, ते मुद्दाम. टर्ब्युलन्स मॉडेल (खळबळीचा परिणाम ढोबळ सूत्रांनी धरण्याची रीत) म्हणजे नव्याने आलेल्यांची सर्वांत मोठी भूलभुलैया. यासाठी नासाच्या लँगली केंद्राने तयार केलेला टर्ब्युलन्स मॉडेलिंगचा संग्रह वापरा. त्यात प्रत्येक मॉडेलची समीकरणं, तयार मेश, प्रयोगाची मापं आणि नासाच्याच कोडने काढलेली उत्तरं असं सगळं एकत्र आहे. आधी सपाट पट्टी करा, मग तळाला खाली उतरणारी पायरी असलेला चॅनेल. ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या १९८५च्या प्रयोगात पायरीमागे सुटलेला प्रवाह पायरीच्या उंचीच्या ६.२६ पट अंतरावर पुन्हा भिंतीला चिकटतो. तुमचं के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्स मॉडेल हे अंतर हमखास कमी दाखवेल. मेश कितीही बारीक केलात तरी दाखवेल, कारण चूक मॉडेलमध्ये आहे, गणितात नाही. मग मेंटर यांचं १९९४चं एसएसटी मॉडेल लावा आणि फरक पाहा. वाय-प्लस (भिंतीपासूनचं अंतर मोजण्याचा एककरहित आकडा), वॉल फंक्शन (भिंतीलगतचा थर न सोडवता सूत्राने धरणं) या गोष्टींसाठी एडन विम्सहर्स्ट यांचं 'फ्लुइड मेकॅनिक्स १०१' हे यूट्यूब चॅनेल ऐका. वॉल फंक्शन वापरायचं असेल तर पहिला सेल वाय-प्लस ३०च्या वर, भिंतीपर्यंत सोडवायचं असेल तर १च्या आसपास, हा नियम पाठ सगळ्यांनाच असतो. मधल्या ५ ते ३०च्या पट्ट्यात का राहू नये, हे तिथे नीट कळतं.

गणितातली चूक आणि मॉडेलमधली चूक वेगळी काढायची तर मेश तीन वेळा बदलावाच लागतो. समजा प्रेशर ड्रॉप जाड मेशवर ९६ आला, दुप्पट बारीक केल्यावर ९९, आणखी दुप्पट केल्यावर ९९.७५. फरक ३ आणि ०.७५, म्हणजे चौपट घटला, म्हणजे पद्धत खरोखर दुसऱ्या दर्जाने चालली आहे. शेवटच्या फरकाचा तिसरा हिस्सा, ०.२५, पुढे मिळवला की अनंत बारीक मेशवरचं अपेक्षित उत्तर १००. याला रिचर्डसन एक्स्ट्रापोलेशन म्हणतात. पॅट्रिक रोच यांनी यावरून ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स बांधला, आणि एएसएमई या अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या द्रव-अभियांत्रिकीच्या नियतकालिकाने २००८ साली तो कसा मांडायचा याची पद्धत छापली. ती काही पानांचीच आहे, शोधून वाचा. 'रेसिड्युअल दहाच्या उणे सहा घातापर्यंत उतरले, म्हणजे उत्तर बरोबर' असं कुणी म्हणालं तर त्याला हे तीन आकडे दाखवा. रेसिड्युअल एवढंच सांगतात की या मेशवरची समीकरणं सुटली. मेश पुरेसा आहे का, याबद्दल ते काही बोलत नाहीत.

व्यावसायिक सॉफ्टवेअरबद्दल दोनच गोष्टी. पुण्यातल्या वाहन उद्योगाच्या जाहिरातींत फ्लुएंट किंवा स्टार-सीसीएम+ हीच नावं जास्त दिसतात, तेव्हा एखादं हाताळलेलं असावं. अ‍ॅन्सिस ही फ्लुएंटची कंपनी विद्यार्थ्यांसाठी सेलच्या मर्यादेसह फुकट आवृत्ती देते आणि कॉर्नेल विद्यापीठाचे राजेश भास्करन यांचा त्यावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम चांगला आहे, कारण तो प्रत्येक केसमध्ये आधी हाताने अंदाज काढायला लावतो. दुसरी गोष्ट, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको. त्याची किंमत तुम्ही नाही, तुमची कंपनी मोजते.

कामाचा पुरावा म्हणून प्रमाणपत्रांची माळ दाखवू नका. दोन-तीन केसेस गिटहबवर ठेवा. प्रत्येकीला दोन पानांचा अहवाल जोडा: प्रश्न काय, मेश किती, ताडून कशाशी पाहिलं, फरक किती आणि तो का असावा. उमेदवारांच्या फाइलमध्ये मला रंगीत रेसिंग कार रोज दिसतात. 'माझं उत्तर प्रयोगापेक्षा १२ टक्के कमी आहे आणि कारण बहुधा हे आहे' असं लिहिणारा क्वचित भेटतो, आणि मी त्यालाच बोलावतो.

राहता राहिला तुमचा पंप. इथवर आलात की इम्पेलर फिरता ठेवण्याच्या पद्धती शिका, त्यातही आधी एमआरएफ, म्हणजे इम्पेलरभोवतीचा भाग फिरत्या चौकटीत सोडवणं. ओपनफोमच्या धड्यांत मिक्सर व्हेसलची द्विमितीय केस आहे, तिथून सुरू करा. बाकी तुमच्याकडे असं काही आहे जे पुण्या-बंगळुरूच्या सीएफडीवाल्यांना मागूनही मिळत नाही: कारखान्याचा टेस्ट बेड, म्हणजे पंप चालवून मापं घेण्याची जागा. हेड (पंप पाणी किती उंच चढवतो) आणि डिस्चार्ज (किती पाणी देतो) यांचे आकडे तिथे रोज नोंदले जातात. वरिष्ठांची परवानगी घेऊन एखाद्या जुन्या, साध्या मॉडेलचा कर्व्ह आणि ड्रॉइंग मिळवा, आणि डिझाइन पॉइंटवर (पंप ज्या डिस्चार्जसाठी आखला आहे तिथे) हेड काढून पाहा. तुमचं हेड आणि एफिशिअन्सी दोन्ही बहुधा मोजलेल्यापेक्षा जास्त येतील, कारण पहिल्या मॉडेलमध्ये तुम्ही वेअर रिंगमधली (इम्पेलर आणि केसिंगमधल्या फटीवरच्या कडीतली) गळती, इम्पेलरच्या पाठीमागचं डिस्क फ्रिक्शन आणि कास्टिंगचा खडबडीतपणा धरलेला नसेल. मग ते एकेक धरत जा. कमी डिस्चार्जकडे कर्व्ह आणखी हटेल, कारण तिथला प्रवाह स्थिर नसतो आणि एमआरएफ त्याला स्थिर मानून चालतं. तिथे वेळेनुसार सोडवावं लागतं, ते तुमच्या लॅपटॉपला जड जाईल. डिझाइन पॉइंटच्या आसपासचं काम मात्र त्याच लॅपटॉपवर होतं.